जागेवर ओरडणारा बंब

गाडीत कायम असलेल्या बिघाडाला मी बिघाड म्हणत नाही, ते नुसतं काम असतं. हेडलाइट लागत नाही, सेल्फ फिरत नाही, हॉर्न गप्प आहे. मीटर लावायचा, वायर धरून मागं मागं जायचं, तुटलेली जागा सापडते. त्रास देतो तो येऊन-जाऊन असणारा बिघाड. मालकाच्या दारात होतो, माझ्या दारात होत नाही. असे बिघाड घेऊन जिंतूरच्या माझ्या दुकानात येणारी माणसं जराशी ओशाळलेली असतात. पोटात दुखतंय म्हणून दवाखान्यात गेलं आणि तिथं पोचल्यावर दुखायचं थांबलं, तशी.

एका ट्रॅक्टरवाल्याची तक्रार अशी होती की त्याचा हॉर्न आपोआप वाजतो, पण फक्त सासुरवाडीला जाताना. गावानं त्याची पुरती चेष्टा करून झाली होती. मी त्याला घेऊन त्या रस्त्यानं गेलो. वाटेत ओढ्याजवळ एकच असं वळण होतं जिथं स्टिअरिंग शेवटापर्यंत फिरवावं लागे, आणि शेवटापर्यंत फिरवलं की आतली सोललेली वायर लोखंडाला टेकत होती. दुसऱ्या कुठल्या रस्त्याला एवढं वळण नव्हतं. तो माणूस खरं बोलत होता. फक्त लोकांना खरं वाटेल असं ते नव्हतं.

तेव्हापासून गिऱ्हाईक आलं की मी एकच सांगतो, बिघाड काय आहे ते सांगू नका, काय काय झालं ते ओळीनं सांगा. माणसं बहुतेक वेळा निकाल सांगतात, हकिकत गाळतात. माणिकमामाच्या वेळी ही सवय कामी आली. पण त्यांच्या बाबतीत ओळीनं सांगूनही एक गोष्ट राहून गेली होती, आणि ती राहायला कारण फार चांगलं होतं.

आमच्याकडं कापूस पिकतो, त्यामुळं गावाबाहेर जिनिंगा आहेत. जिनिंगमध्ये कापसातली सरकी आणि रुई वेगळी करतात. कापसाबरोबर एखादा खडा यंत्रात गेला, घासला, ठिणगी पडली, की मोठमोठ्या गंजी बघता बघता जातात. तालुक्याचा बंब असतो, पण तो दुसऱ्या आगीवर गेलेला असला तर काय करायचं? म्हणून चार जिनिंगवाल्यांनी मिळून दूरच्या एका कारखान्याच्या लिलावातून जुना बंब आणला आणि सर्वांत मोठ्या जिनिंगच्या आवारात उभा केला. ती जिनिंग व्यंकटरावांची. वागायला रोखठोक माणूस, मजुरांची काळजी करणारा, पण एकदा मत झालं की ते बदलायला लावणं अवघड.

हा बंब बाहेरच्या देशातल्या बनावटीचा होता आणि त्याचा गिअरबॉक्स ऑटोमॅटिक. आता अशा कार सगळीकडं झाल्यात, पण एवढ्या जुन्या ट्रकला असा गिअरबॉक्स मी आयुष्यात तेवढा एकच पाहिला. साध्या ट्रकला क्लच, ब्रेक आणि अॅक्सिलरेटर अशी तीन पेडल असतात. याला दोनच. पुढं जायचं तर ‘डी’ असं लिहिलेलं बटण दाबायचं, बाकी गिअर आपोआप पडतात. ते पाडायचं काम तेलाचा दाब करतो. पण कोणता गिअर कधी पडावा हे ठरवतो सीटमागं बसवलेला जेवणाच्या डब्याएवढा एक बंद डबा, आणि तो विजेवर चालतो. त्या बंबाची वीज चोवीस व्होल्टची. डब्याला अठरा व्होल्टच्या खाली वीज मिळाली तर तो काम थांबवतो आणि समोर एक पिवळा दिवा लावतो. गाडी उभी असेल तर उभीच राहते. अपुऱ्या विजेवर चुकीचा गिअर पडण्यापेक्षा न पडलेला बरा, असा तो हिशेब.

दोनच पेडल असल्यामुळं माणिकमामा त्या गाडीवर होते. मामा पूर्वी लांबच्या पल्ल्याचे ट्रक चालवायचे. एका अपघातात त्यांचा डावा गुडघा गेला. पाय राहिला, पण तो वाकत नाही. क्लच दाबायचा पाय गेला म्हणजे ट्रकवाल्याचा धंदा गेला. काही वर्षं त्यांनी गेटवर राखणदारी केली. मग हा बंब आला आणि डाव्या पायाचं कामच नसलेली गाडी जिल्ह्यात बहुधा ती एकच होती. मामा तिच्या सीटवर बसले ते जागा मिळाल्यासारखे बसले. रोज टायर बघणार, टाकीतलं पाणी बघणार, काच पुसणार.

त्या मामांना लोक भित्रा म्हणायला लागले.

झालं असं. त्या सालच्या कापसाच्या हंगामात व्यंकटरावांच्याच आवारात आग लागली. मामा धावत, म्हणजे त्यांच्या परीनं धावत, बंबावर चढले. इंजिन चालू झालं, लाल दिवा फिरायला लागला, सायरन वाजला, आणि गाडी जागची हलली नाही. शेडखाली उभी राहून नुसती ओरडत राहिली. व्यंकटराव पळत आले आणि म्हणाले, “बंद कर ते बोंबलणं! आदी गाडी हलव!” मामांनी सगळं बंद केलं, पुन्हा इंजिन चालू केलं, डी दाबला, आणि गाडी मुकाट चालायला लागली. पण तोवर वाऱ्यानं आग शेजारच्या गंजीवर गेली होती. तालुक्याचा बंब आला तेव्हा वाचवण्यासारखं थोडंच उरलं होतं.

गिअरबॉक्सचा एक जाणकार बाहेरून बोलावला. त्यानं डब्याला विचारलं, म्हणजे पिवळ्या दिव्याची उघडझाप मोजली. डब्यानं सांगितलं, वीज कमी पडली. त्यानं बॅटऱ्या नव्या टाकल्या, गाडी फिरवून पाहिली, उत्तम चालली. त्याच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं.

नंतर पलीकडच्या जिनिंगमध्ये लहानशी आग लागली. बंब पुन्हा जागेवर ओरडत राहिला. हमालांनी पोत्यांनी आणि बादल्यांनी आग विझवली, आणि त्यानंतर बंब चालू झाला.

आता लोकांचं मत पक्कं झालं. रोज चालते, आगीलाच चालत नाही, मग दोष गाडीचा कसा? गेटवर ट्रॉल्या घेऊन उभे राहिलेले शेतकरी मामांना म्हणायचे, “मामा, भिऊ नका, हाणा!” एक जण म्हणाला, “बंबाला काय करता, माचिस आणा, माचिस बगून बी पळतेत मामा.” व्यंकटरावांनी ठरवलं की हंगाम संपला की हा गिअरबॉक्स काढायचा, साधा क्लचवाला बसवायचा आणि ड्रायव्हर दुसरा घ्यायचा.

मामा माझ्या दुकानात आले ते संक्रांतीच्या सुमारास. बाकावर बसले, पाय लांब केला. चहा घेतला नाही.

“भाऊ, तुमी येऊन एकदा तपासा,” म्हणाले. “शेटला म्या इचारलंय. तपासा म्हणलेत.”

“मामा, त्या माणसानं तपासलंय ना? मला त्या गिअरबॉक्सचं काही कळत नाही. मी वायरीवाला.”

“मला गिअरबॉक्सचं न्हाई इचारायचं. बिघाड गाडीत हाय का माझ्यात, तेवढं सांगा. म्या त्या सीटवर बसतो तवा मला तर भ्या वाटत न्हाई. पर समदेच म्हणायलेत तर असंल बी. हात कापत असंल, काईतरी उलटंपालटं दाबत असंल. तुमी बगा आन् सांगा. माझ्यात असंल तर म्या सोताहून उतरतो.”

मी गाड्या बघतो. असं विचारायला माझ्याकडं कुणी आलं नव्हतं.

पहिल्या खेपेला मी हाती काहीच न लागता परतलो. डब्याच्या सॉकेटमध्ये मीटर लावला, इंजिन चालू असताना सव्वीस पॉइंट आठ व्होल्ट, चोख. सगळ्या पिना पुसल्या, फ्यूज बघितले, वायरी हलवून बघितल्या. मामांनी गेटाबाहेरच्या पिंपळापर्यंत गाडी नेऊन आणली. लोण्यासारखी चालली. व्यंकटराव कार्यालयाच्या पायरीवरून बघत होते. “बगा, मिस्त्री,” म्हणाले, “आता कशी चालायलीय!”

दुसऱ्या खेपेला मी मीटर पिशवीतच ठेवला आणि मामांना सीटवर बसवलं.

“मामा, पलीकडच्या गंजीवर धूर दिसला. आता बोलू नका. त्या वेळी जे जे करता ते ते करा.”

मामांनी डोळे मिटून नमस्कार केला. चावी फिरवली. इंजिन लागलं. ब्रेकच्या हवेचा काटा बघितला. वरच्या लाल दिव्याचा खटका दाबला. मग त्यांचा डावा हात डॅशबोर्डच्या कोपऱ्यात गेला, एका खटक्यावर बोट टेकलं, आणि हात परत आला. मग डी. गाडीनं हलका हिसका दिला आणि चालायला तयार झाली.

“थांबा. मधी हात कुठं गेला होता?”

“ते व्हय? ते सायरन हाय.”

“मग लावला का नाही?”

मामांनी माझ्याकडं मी वेडा असल्यासारखं बघितलं. “आग कुठं हाय?”

मग कळलं. बंब आला त्या वर्षी कुणीतरी गंमत म्हणून सायरन वाजवला होता. कापूस निवडणाऱ्या बाया घाबरून ओट्यावरून पळाल्या, त्यातली एक पडली आणि तिचा हात मोडला. तेव्हापासून आवाराचा नियम झाला की आग असल्याशिवाय सायरन लावायचा नाही. व्यंकटरावांनी केलेला नियम, आणि सगळ्यांनी तो देवाला सोडलेल्या वस्तूसारखा पाळलेला. जाणकाराच्या तपासणीत सायरन वाजला नव्हता. माझ्याही नाही. मामांनी मला दोन्ही आगींची हकिकत सांगितली त्यातही सायरन नव्हता, कारण त्यांच्या लेखी सायरन हा गाडीचा भाग नव्हता, आगीचा भाग होता.

“आधी सायरन लावता की आधी डी?”

“आदी सायरन. गेटापशी बाया, लेकरं, बैलं, ट्रॉल्या. न सांगता एवढी मोठी गाडी हलवायची म्हंजे कुणाला तरी चिरडायचं.”

“सायरनचा आवाज पहिल्यासारखा आहे का?”

मामा जरा विचार करून म्हणाले, “औंदा घसा बसल्यावानी झालाय. जुना झाला आसंल.”

माझ्या डोक्यात पुष्कळसं जुळलं होतं, पण मी तेव्हा काही बोललो नाही. तोंडी निकाल फार झाले होते.

व्यंकटरावांकडं गेलो आणि म्हणालो, सायरन लावून बघायचा आहे.

“आग नसताना? येडे झालाव का मिस्त्री? दीडशे माणूस हाय आत.”

“सगळ्यांना आधी सांगू. यंत्रं बंद असताना, जेवणाच्या सुट्टीत लावू. शेजारच्या वस्तीवर निरोप देऊ. पण सायरन लावल्याशिवाय मला पुढं काही सांगता येणार नाही.”

व्यंकटराव बराच वेळ कापूस हातात घेऊन चोळत बसले. त्यांच्या गंजी गेल्या होत्या, राग खोटा नव्हता. शेवटी म्हणाले, “ठीक हाय. पर माणिक न्हाई बसायचा. त्यानं पायानं, हातानं काई केलं तर आपल्याला काय कळणार? म्या बसतो. दोनच तर पेडल हायेत.”

मामा काठी टेकत शेडच्या खांबापाशी जाऊन उभे राहिले.

दुपारी यंत्रं थांबली. फोरमन सगळीकडं सांगून आला. तरी बाया ओट्यावर उभ्या राहून पदर तोंडाला लावून बघत होत्या, आणि गेटापाशी ट्रॉल्यांवर शेतकरी चढून बसले होते. व्यंकटराव धोतर सावरून वर चढले. मी सीटमागं, मीटरच्या दोन्ही सुया डब्याच्या सॉकेटमध्ये.

इंजिन चालू. सव्वीस पॉइंट आठ. लाल दिवा. काटा किंचित खाली, सव्वीस. “आता सायरन,” मी म्हणालो.

तो जुन्या पद्धतीचा सायरन, मोटरवर फिरणारा. अशी मोटर पुष्कळ वीज ओढते. आवाज चढायला लागला आणि मध्येच बसल्यासारखा झाला, घोगरा. मी मीटर बघितला. साडेसतरा.

“डी दाबा,” मी ओरडलो.

व्यंकटरावांनी दाबला. पिवळा दिवा लागला. त्यांनी अॅक्सिलरेटर दाबला. इंजिन किंचाळलं. बंब जागेवर. त्यांनी पुन्हा डी दाबला, पुन्हा पाय दिला, कपाळावर घाम आला. ते काहीतरी बोलत होते, ऐकू येत नव्हतं, ओठांवरून “हल की, हल की” असं वाटत होतं. आणि तेवढ्यात, सायरन श्वास घ्यायला उतरतो तशा क्षणी, गेटावरच्या ट्रॉलीवरून आवाज आला.

“शेट, भिऊ नका, हाणा!”

सगळे हसले. बायाही हसल्या. हसलं नाही एक जण, खांबापाशी उभा असलेला.

व्यंकटरावांनी सायरन बंद केला. स्टिअरिंगवर हात ठेवून ते तसेच बसून राहिले. माझं मात्र अर्धंच काम झालं होतं.

वीज कुठं अडते हे शोधणं आता सोपं होतं. घरात विजेला जायची एक आणि यायची एक अशा दोन वायरी असतात. गाडीत बहुतेक ठिकाणी यायची वायर नसते. गाडीचा लोखंडी सांगाडा हाच वीज परत यायचा रस्ता. प्रत्येक गोष्टीची एक काळी वायर जवळच्या लोखंडाला बोल्टनं आवळलेली असते, त्याला आम्ही अर्थिंग म्हणतो. या बंबात सायरन, लाल दिवा आणि गिअरबॉक्सचा डबा यांची परतीची वायर एकाच बोल्टावर होती, पुढच्या बंपरच्या मागं. बैल एकटा जाईल एवढी पाऊलवाट असावी आणि तिच्यावर भरलेली ट्रॉली आली की बैलालाही जाता येऊ नये, तसं होत होतं. सायरनची वीज आली की डब्याची अडत होती.

मी बंपरखाली आडवा झालो. मीटरची एक सुई बोल्टाखालच्या वायरीला आणि दुसरी शेजारचं लोखंड खरवडून तिथं लावली. इथं शून्य यायला हवं. सायरन पुन्हा क्षणभर लावायला सांगितला. नऊ व्होल्ट. चोवीसच्या गाडीत नऊ व्होल्ट एका बोल्टाखाली हरवत होते.

बोल्ट बाहेरून नवाकोरा होता, लालभडक. काढला. वायरीचं टोक उचललं. त्याच्याखाली लोखंड नव्हतंच, गुळगुळीत लाल रंग होता, आणि त्याखाली तपकिरी अस्तर. जी थोडीफार वीज जात होती ती बोल्टाच्या आट्यांमधून.

“मामा, बंब रंगवला कधी?”

“दसऱ्याला. पूजेआदी. बबननं रंगवला.”

बबन पेंटर आमच्याच गल्लीतला. बाकीचे पेंटर बोल्टावरून ब्रश फिरवून मोकळे होतात. बबन प्रत्येक बोल्ट काढतो, खाली घासतो, अस्तर लावतो, दोन हात रंग देतो आणि बोल्ट परत आवळतो. देवाच्या पूजेची गाडी म्हणून त्यानं बंबाचं काम जरा जास्तच मनापासून केलं होतं. घाईतल्या पेंटरनं रंगवला असता तर बंब चालला असता. नंतर त्याला हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. “म्या तर काम चोख केलतं,” म्हणाला. मी म्हणालो, चोखच केलं, त्यात काही शंका नाही.

मी रंग खरवडून लोखंड पांढरंशुभ्र केलं, वायरीचं टोक घासलं, नवा वायसर घातला, आवळलं. डब्यासाठी वेगळी वायर थेट बॅटरीपर्यंत ओढली, म्हणजे सायरनशी त्याचा संबंधच नको. मग व्यंकटरावांना म्हणालो, बघा आता.

व्यंकटराव अजून वरच बसले होते. त्यांनी चावी फिरवली नाही. दार उघडलं, खाली उतरले, आणि दार तसंच धरून ठेवून खांबाकडं बघून म्हणाले, “मामा, या. बसा तुमी.”

इतकी वर्षं ते त्यांना माणिक म्हणायचे. मामांनी काठी खांबाला टेकवली आणि चढले. इंजिन, हवा, लाल दिवा, सायरन. आवाज चढला तो चढतच गेला, खणखणीत, झाडावरचे कावळे उठले. मीटर सव्वीसच्या खाली आला नाही. डी दाबला आणि बंब शेडमधून बाहेर पडला, गेटातून गेला. ट्रॉल्यांवरची माणसं बाजूला होत होती. पिंपळाला वळसा घालून परत आला. मामा उतरले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते की इंजिनाच्या गरमीनं लाल झाले होते, मी पाहायला गेलो नाही. मला म्हणाले, “मंग, गाडीतच व्हता.”

“गाडीतच.”

गिअरबॉक्स काढायचा विषय परत निघाला नाही. व्यंकटरावांनी माफी वगैरे मागितली नाही, ते त्यांना जमणारं नव्हतं. पण आवाराचा नियम बदलला. आता हंगाम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना सांगून एकदा सायरन लावतात आणि त्याच सायरनमध्ये बंब गेटाबाहेर काढून आणतात. गेल्या दसऱ्याला बबननं पुन्हा रंग दिला तेव्हा मामा बंपरपाशी पाय पसरून बसून होते, त्या एका बोल्टापुरता ब्रश लागू दिला नाही. पूजेलाही सगळीकडं हळदकुंकू लावलं, तिथं फक्त ग्रीस.

एक गोष्ट मात्र माझ्या हातात नव्हती. लोक एकदा बोललेलं परत घेत नाहीत, नुसतं बोलायचं थांबतात. मामा सीटवर राहिले, पण ‘हाणा’ असं त्यांना कुणी म्हणत नव्हतं याचाच अर्थ ते सगळ्यांच्या लक्षात होतं. आणि आवारात फिरणारा बंब हा काही आगीला गेलेला बंब नव्हे. हे मामांनाही माहीत होतं, मलाही.

मागच्या हंगामात एका दुपारी मी दुकानासमोर एका जीपच्या डायनामोवर मीटर धरून बसलो होतो. घर दुकानाच्या मागंच आहे. जिनिंगच्या बाजूनं सायरन सुरू झाला. बायको चहाचा कप घेऊन बाहेर आली आणि धूर दिसतो का बघायला लागली. “कुठं लागली असंल वो?” म्हणाली. जीपवाला काहीतरी विचारत होता. मी हात करून दोघांनाही थांबवलं.

आवाज खणखणीत होता. पण मी ते ऐकत नव्हतो. आधी तो शेडकडून येत होता, मग गेटाकडून, मग पिंपळाच्या अंगानं. मग उतारावरून बारीक होत होत पलीकडच्या जिनिंगच्या दिशेनं निघून गेला. मी मीटर पुन्हा डायनामोला लावला.